'पातिना' आणि पादत्राणे : एका शब्दाचा व एका कृत्रिम जुनेपणाचा इतिहास

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने जोड्यांच्या रंगाविषयी लिहावे याचे वाचकांस किंचित नवल वाटेल. प्रस्तुत लेखक या विषयाकडे एका शब्दाच्या वाटेने आला, हे आरंभीच सांगितलेले बरे. काही काळापूर्वी कलाविषयक पारिभाषिक शब्दांची एक यादी तयार करण्याचे काम चालू असता 'पातिना' हा इटालियन शब्द आमच्यापुढे आला. जुन्या ब्राँझवरील हिरवा थर, जुन्या चित्रावरील काळसर झाक, वापरून वापरून लाकडास वा कातड्यास येणारा खोल रंग, या सर्वांस युरोपीय भाषांत हा एकच शब्द चालतो. 'जीर्णच्छटा', 'कालपुट', 'पुराणवर्ण' असे पर्याय सुचविण्यात आले. पण कोणाचेच समाधान झाले नाही. अडचण अशी की, हा शब्द आज परस्परविरुद्ध अशा दोन अर्थांनी वापरला जातो. काळाने वस्तूवर जे चढविले ते पातिना. आणि काळाची वाट न पाहता कारागिराने एका दिवसात जे चढविले तेही पातिनाच. उंची जोड्यांच्या युरोपीय व्यवसायात तर दुसरा अर्थच मुख्य होऊन बसला आहे. नव्या कोऱ्या जोड्यावर रंग व मेण यांच्या साहाय्याने जुनेपणा आणावयाचा आणि त्याबद्दल अधिक मोल घ्यावयाचे, असा तो व्यवहार आहे.

ब्राँझच्या पुतळ्यांवर व चित्रांवर कृत्रिम जुनेपणा आणण्याची विद्या कित्येक शतकांची आहे. मग जोड्यांवर ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रतिष्ठेस का पोहोचली नाही? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे उत्तर अभिरुचीच्या इतिहासात थोडे आणि कातडे कमावण्याच्या इतिहासात पुष्कळ आहे. कातड्याच्या अंगी आपोआप जुने होण्याचा जो गुण होता तो नव्या पद्धतींनी नाहीसा झाल्यावरच तो वरून रंगविण्याची गरज उत्पन्न झाली.

प्रथम शब्द. लॅटिनमध्ये 'पातिना' म्हणजे उथळ ताटली किंवा परात. ताटलीवरून थराचा अर्थ कसा आला याची कोशकार दोन उत्तरे देतात. जुन्या भांड्यांवर चढणाऱ्या पुटावरून, असे काही म्हणतात. ताटलीत कालविलेल्या रोगणावरून, असे दुसरे. आम्हांस त्याहून महत्त्वाचा वाटतो तो फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो बाल्दिनुच्ची याने १६८१ साली प्रसिद्ध केलेल्या चित्रकलेच्या परिभाषाकोशातील उल्लेख. तेथे हा शब्द 'पातेना' असा आला असून तो चित्रकारांच्या बोलीतील आहे, यालाच काहीजण 'पेल्ले' म्हणतात, असे तो नोंदवितो. कालांतराने चित्रावर सर्वत्र उमटणारा काळसरपणा, जो कधी कधी चित्रास उपकारकही ठरतो, असा त्याने दिलेल्या अर्थाचा आशय आहे. आता इटालियन भाषेत 'पेल्ले' म्हणजे त्वचा, आणि 'पेल्ले' म्हणजेच कमावलेले कातडे. अर्थात चित्रांवरील काळाच्या खुणेला नाव देताना चित्रकारांच्या मनापुढे त्वचेचे चित्र होते. तीनशे वर्षांनी हा शब्द फिरून खऱ्या कातड्यावर येऊन बसला, तेव्हा त्याचा हा पूर्वसंबंध कोणाच्याही ध्यानी राहिलेला नव्हता.

फ्रेंच भाषेत त्याचे 'पातीन' झाले आणि तेथे त्याला एक विलक्षण शेजार मिळाला. पंजा या अर्थाच्या शब्दावरून आलेले 'पातिने' हे क्रियापद जुन्या फ्रेंचमध्ये हाताने चाचपणे, कुस्करणे या अर्थी होते. आणि बर्फावरून घसरत जाणे या अर्थाचे त्याच उच्चाराचे क्रियापद आजही आहे. त्यामुळे जोड्यांस जुनी छटा देणारा कारागीर आणि बर्फावर घसरणारा खेळाडू हे दोघेही फ्रेंचमध्ये 'पातिनर'च. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे केवळ ध्वनिसाम्य होय. तरीही हाताळून हाताळून वस्तूस जी कळा येते तिचे नाव उच्चाराने हाताळण्याच्या क्रियापदाशी एकरूप व्हावे, हा योगायोग मौजेचा खरा.

कृत्रिम जुनेपणाचे दाखले फार मागे जातात. पुतळ्यांस शिलाजतूसारख्या डांबरी द्रव्याचा लेप देण्याची पूर्वीची चाल प्लिनीने नोंदविली आहे. पॉम्पोनियुस गाउरिकुस याने १५०४ मध्ये मूर्तिकलेवर लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात ब्राँझला हिरवा वा काळा रंग कसा आणावा हे सांगितले. आणि वाझारीने १५५० च्या आपल्या ग्रंथात कोणी तेलाने काळे करतात, कोणी शिरक्याने हिरवे, कोणी रोगण लावतात, अशी तीन मार्गांची नोंद केली. चित्रांच्या बाबतीत वाद अधिक कडवट झाला. ॲडिसनने १७११ साली 'स्पेक्टेटर'मधील एका निबंधात काळपुरुष हा चित्रांवर शेवटचा हात फिरविणारा थोर कलावंत आहे अशी कल्पना केली होती. तिचा जणू प्रतिवाद म्हणून होगार्थने १७६१ साली एक चित्र कोरले. त्यात काळपुरुष भंगलेल्या मूर्तीवर बसून चिलमीचा धूर चित्रावर सोडीत आहे, त्याच्या कोयत्याने कापड फाटले आहे आणि जवळच रोगणाचा बुधला ठेवलेला आहे. जुन्या, काळवंडलेल्या चित्रांस भाव देणाऱ्या व जिवंत चित्रकारांस उपाशी ठेवणाऱ्या ग्राहकांवर तो प्रहार होता. हा वाद विसाव्या शतकातही मिटला नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर स्वच्छ केलेली चित्रे १९४७ मध्ये प्रदर्शित केली, तेव्हा रोमच्या जीर्णोद्धारसंस्थेचे संचालक चेझारे ब्रान्दी यांनी १९४९ साली पातिनाच्या बाजूने आक्षेप घेतले. पुढे १९६३ च्या आपल्या सिद्धांतग्रंथात त्यांनी पातिनाला वस्तूच्या इतिहासाचा पुरावा म्हणून स्थान दिले.

आता पादत्राणांकडे वळू. या सबंध काळात युरोपीय सभ्य समाजाचा जोड्यांविषयीचा आदर्श याच्या नेमका उलट होता. जोडा काळा हवा, एकसारखा काळा हवा, आणि आरशासारखा चकाकता हवा. वापराची खूण दिसणे म्हणजे घरी नोकर नसणे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जोड्यांचे काळे रोगण विकणाऱ्या 'डे अँड मार्टिन', 'वॉरन' इत्यादी पेढ्या भरभराटीस आल्या. त्या रोगणात हाडांची काजळी, काकवी, शिरका, तेल आणि गंधकाम्ल असे. वॉरनच्या नावाच्या अशाच एका कारखान्यात १८२४ साली बारा वर्षांचा चार्ल्स डिकन्स रोगणाच्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत होता, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. बो ब्रमेल हा नटवा पुरुष आपले बूट शँपेनच्या फेसाने घासवून घेई, अशी एक आख्यायिका आहे. तिचे ऐतिहासिक मोल बेताचेच. परंतु तिच्यातही वाखाणणी आहे ती झळाळीची, जुनेपणाची नाही.

बदलाची पहिली चाहूल तपकिरी कातड्याने दिली. काळ्या रंगाखाली कातड्याचे वय दडते, तपकिरी कातड्यावर ते उमटते. १९०२ पासून ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या खाकी पोषाखात तपकिरी बूट व पट्टे आले. मेण चढवावयाचे, हाडाच्या तुकड्याने ते घोटावयाचे, पुन्हा मेण, असे वर्षानुवर्षे केल्याने या कातड्यास जो गडद तांबूस रंग येई तो पलटणीत मिरविण्याचा विषय झाला. मेलबर्नमध्ये १९०६ साली निघालेल्या 'किवी' या मेणाने १९०८ मध्ये गडद तपकिरी प्रकार बाजारात आणला आणि पहिल्या महायुद्धातील सैनिकांबरोबर तो जगभर गेला. नव्या बुटास जुन्याची छटा डबीतून देता येते, हे सामान्य माणसास बहुधा प्रथम येथेच उमगले असावे.

परंतु तपकिरी कातडे मुळात गडद का होते? ज्ञानशाखा आमची नसली तरी या प्रश्नाचे उत्तर टाळून पुढे जाता येणार नाही. झाडांच्या साली व फळे यांतील टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याने कमावलेले कातडे प्रकाश व हवा यांच्या संयोगाने सतत बदलत असते. ब्रिटिश चर्मरसायनतज्ज्ञ प्रॉक्टर व त्यांच्या समकालीनांनी टॅनिनांचे दोन वर्ग केले. हिरडा, सुमाक इत्यादी पायरोगॅलॉल वर्गातील. बाभूळ, तरवड इत्यादींच्या साली बहुतांशी कॅटेकॉल वर्गातील. पहिल्या वर्गाने कमावलेले कातडे पिवळट राहते व प्रकाशात फारसे बदलत नाही. दुसऱ्या वर्गाचे लवकर लाल होऊ लागते. त्यात कातड्यास पाजलेले तेल, हाताचा घाम, धूळ व मेण यांची भर पडली म्हणजे जी छटा सिद्ध होते ती खरी पातिना.

येथे आपल्या प्रदेशाचा संबंध येतो, आणि तो वरवरचा नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील चर्मोद्योग भारतातून येणाऱ्या हिरड्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून होता. त्या व्यापारात हिरड्याच्या प्रती गावांच्या नावांनी ओळखल्या जात. त्यांतील एक प्रत 'व्हिंगोर्ला', म्हणजे आपले वेंगुर्ले. मद्रासकडून अर्धवट कमावलेली कातडी लंडनला जात, त्यांवर तरवडाच्या सालीचा संस्कार असे. दख्खनच्या मुरमाड माळावर पिवळ्या फुलांनी डवरणारे हे झुडूप इंग्रजी चर्मग्रंथांत 'टर्वर' म्हणून येते. देशी नावातील मूर्धन्य 'ड' इंग्रजी कानांनी 'र' म्हणून ऐकला, दुसरे काय? तरवडाने कमावलेले कातडे सूर्यप्रकाशात झपाट्याने लाल होते, असा या ग्रंथांचा अभिप्राय आहे. तो दोष म्हणून नोंदविलेला आहे, ही गोष्ट विसरू नये.

दोष का, ते ग्रंथालयांत कळून आले. पुस्तकबांधणीची कातडी भुकटी होऊन झडू लागल्यामुळे लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १९०० साली एक समिती नेमली. तिचा विस्तृत अहवाल १९०५ मध्ये निघाला. कॅटेकॉल वर्गाच्या टॅनिनांनी कमावलेली कातडी, त्यांत पूर्वेकडून येणारी कातडीही आली, सर्वांत लवकर कुजतात आणि ग्रंथांसाठी सुमाकाने कमावलेले कातडे घ्यावे, असा त्या समितीचा निष्कर्ष होता. दिव्यांच्या वायूतील गंधकयुक्त धुराने हा नाश आणखी लवकर होई. म्हणजे जोड्यावर ज्या लालीला रसिक भुलतो, त्याच लालीच्या कुळाने ग्रंथपालाची झोप उडविली होती. जोडा दहा-वीस वर्षांत झिजून जातो, ग्रंथ शतके टिकावा लागतो. पातिना सुंदर की रोगट, हे पुष्कळदा वस्तूकडून आपण किती आयुष्याची अपेक्षा करतो यावर ठरते.

याच सुमारास कातड्याचे स्वरूपच बदलत होते. क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावता येते हे क्नाप या जर्मन रसायनज्ञाने १८५८ साली दाखविले होते. ऑगस्टस शुल्ट्झने १८८४ मध्ये अमेरिकेत व्यवहार्य पद्धतीचे पेटंट घेतले आणि मार्टिन डेनिसने १८९३ मध्ये ती एका कुंडात उरकण्याइतकी सोपी केली. जे काम सालींच्या कुंडांत महिनोन्महिने चाले ते थोड्या दिवसांत होऊ लागले. भारतात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मद्रासेस या पद्धतीचे प्रयोग केले. क्रोमने कमावलेले कातडे कुंडातून फिकट निळे निघते. त्यास स्वतःचा असा मातकट रंग नाही. जो रंग दिसतो तो १८५६ मधील पर्किनच्या शोधापासून सुरू झालेल्या कृत्रिम रंगांचा, आणि १९२० च्या दशकापासून त्यावर फवारल्या जाणाऱ्या नायट्रोसेल्युलोजच्या पापुद्र्याचा. असे कातडे पाण्याला, उष्णतेला व झिजेला चांगले टिकते. पण ते मुरत नाही. वर्षे लोटली म्हणजे त्याचा पापुद्रा तडकतो, खरचटतो. रंग खोल होत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातील बहुतेक जोड्यांचे वरचे कातडे या प्रकारचे झाले होते.

कृत्रिम पातिनेचा उदय या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. सेनिगाल्लिया या एड्रियाटिक किनाऱ्यावरील गावचा आलेस्सान्द्रो बेर्लुती याने १८९५ साली पॅरिसमध्ये जोडे बनविण्यास आरंभ केला. त्याच घराण्यातील ओल्गा बेर्लुती यांनी १९८० च्या दशकात जोड्यांवर चित्रासारखी छटा चढविण्याची कला पुढे आणली. काळा व तपकिरी या दोन रंगांत कोंडलेल्या पुरुषांच्या जोड्यांवर त्यांनी जांभळा, हिरवा, मद्यासारखा लाल असे रंग आणले. क्रिया साधारण अशी: वरचा लेप नसलेले, रंग शोषून घेणारे कातडे घ्यावयाचे, किंवा असलेला लेप द्रावणाने पुसून काढावयाचा, मग मद्यार्कात विरघळविलेले रंग कुंचल्याने व बोळ्याने फिक्याकडून गडदाकडे थरावर थर द्यावयाचे, टोक, टाच व शिवणींच्या कडा अधिक काळ्या करावयाच्या, कारण खऱ्या वापरात मेण व धूळ तेथेच साचते, शेवटी मेण घोटून चकाकी आणावयाची. मेणासाठी चंद्रप्रकाश व शँपेन यांचा उपयोग होतो असेही त्या पेढीच्या परंपरेत सांगितले जाते. ब्रमेलची आख्यायिका पावणेदोनशे वर्षांनी नव्या अंगरख्यात परतली, इतकेच त्यावरून म्हणता येईल. ही पेढी १९९३ मध्ये एका मोठ्या चैनवस्तूंच्या उद्योगसमूहाच्या मालकीची झाली आणि 'पातीन' हा शब्द जोड्यांच्या दुकानांतून सर्वत्र पसरला.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, टोकावर व टाचेवर गडद हात फिरविण्याची रीत मोच्यांना त्याआधीही माहीत होती. मग तिचा संबंध क्रोमशी कशाला जोडावा? रीत माहीत होती हे आम्हांस मान्य आहे. पण ती मोच्याच्या हातसफाईचा भाग होती. ती सही करण्याजोगी कला व्हावी, तिच्यासाठी वेगळे नाव व वेगळे मोल असावे, हे घडले ते आपोआप जुने होणारे जोडे दुर्मिळ झाल्यावर. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या रंगविलेल्या जुनेपणाला होगार्थच्या टीकेतील फसवणुकीचा दोष लागत नाही. चित्र काळे करणारा व्यापारी ते राफाएलच्या काळचे म्हणून विकीत असे. जांभळा जोडा कोणाच्या आजोबांचा आहे असे कोणी म्हणत नाही. येथे जुनेपणाचे व्याकरण तेवढे उसने घेतले आहे, कालवाचक अर्थ गळून पडला आहे. शब्दांच्या इतिहासात असे पदोपदी घडते.

खऱ्या काळाचे काम पाहावयाचे असेल तर एक विलक्षण उदाहरण आहे. 'मेट्टा काथारीना' हे फ्लेन्सबुर्गचे जहाज सेंट पीटर्सबर्गहून जिनोआस कातडी घेऊन जात असता १७८६ च्या डिसेंबरात प्लिमथच्या बंदरात बुडाले. पाणबुड्यांना ते १९७३ साली सापडले. सालींनी कमावून भूर्जवृक्षाचे तेल पाजलेली रशियन रेनडिअरची कातडी जवळजवळ दोनशे वर्षे काळ्या चिखलात गुंडाळलेली होती आणि त्यांतील पुष्कळ शाबूत निघाली. इंग्लंडमधील जोडे करणाऱ्यांनी त्यांचे जोडे शिवले व ते मोठ्या किमतीस गेले. मौज अशी की, या कातड्यावर जी आडवी-तिडवी बारीक चौकटींची नक्षी दिसते ती मुळातच रशियन चर्मकारांनी दाबून उठविलेली आहे. म्हणजे दोन शतके समुद्रात राहिलेल्या कातड्यावरही ग्राहक ज्या खुणेवर लुब्ध होतो ती काही अंशी हातानेच केलेली.

आता आमच्या यादीकडे परत येतो. या विषयाचे शब्द मराठीत नाहीत असे प्रथम वाटले, ते ग्रांथिक कोशांत शोधल्यामुळे. कातडे आपण 'कमावतो'. आवाज व शरीर हीही कमावलेली असतात, आणि पैसाही. परिश्रमाने व मुदतीने जे मिळते त्याला हे क्रियापद लागते. प्रस्तुत लेखकाचे आजोबा कापशीच्या वहाणा वापरीत. नव्या वहाणेला ते आठ-आठ दिवसांनी तेल पाजीत. पहिल्या पावसाळ्यापूर्वी ती फिकट पिवळी असे, दोन वर्षांत विटकरी, मग जवळजवळ काळी. त्यास ते वहाण 'मुरली' म्हणत, आणि अंगठ्याखालच्या खळग्याला 'रापली' म्हणत. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचे वर दिलेले सारे रसायन या दोन क्रियापदांत आलेले आहे. ही विद्या ज्या ढोर व चांभार समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, त्यांतील एकाही कारागिराची सही कोणत्याही वहाणेवर नाही. कोल्हापुरी चपलेस महाराष्ट्र व कर्नाटक यांतील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१९ साली. आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात तशाच चपला 'प्रादा'च्या नावाने रंगमंचावर आल्या तेव्हा, टीका झाल्यानंतरच, त्यांचे मूळ मान्य करण्यात आले.

म्हणून यादीत आम्ही दोन शब्द सुचविले. काळाने व वापराने आलेल्या छटेस 'राप', आणि कारागिराने दिलेल्या छटेस 'रापकाम'. जरीकाम, नक्षीकाम यांच्या पंगतीत दुसरा शब्द सहज बसतो व हाताचे श्रमही दाखवितो. यादीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हरकत घेतली की, मराठीत 'रापलेला' हे काही कौतुकाचे विशेषण नाही. उन्हात राबलेल्या माणसाचा चेहरा रापतो, श्रीमंताचा नाही. हरकत रास्त होती. आम्ही उत्तरादाखल बाल्दिनुच्चीची १६८१ ची नोंद वाचून दाखविली आणि काळसरपणा चित्रास उपकारक होतो असे सांगताना त्याने घातलेल्या 'कधी कधी' या दोन शब्दांकडे त्यांचे लक्ष वेधले. यादी अद्याप मंजूर झालेली नाही.